तारेचे दात आणि तारेची गोम

घरात चांगले गाणे चांगल्या यंत्रावर ऐकावे, ही हौस आता मुंबई-पुण्याच्या धनिकांपुरती राहिलेली नाही. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांतील शिक्षक, लिपिक, बँकेतील कर्मचारी हेही वर्ष-दोन वर्षे पैसे बाजूला टाकून उत्तम ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेऊ लागले आहेत. ही इष्टच गोष्ट होय. ज्याला भीमसेनांचा षड्ज किंवा किशोरीताईंची मींड कानात साठवावयाची आहे, त्याने त्यासाठी पदरमोड केली तर तीस उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु या खरेदीच्या अगदी अखेरच्या पायरीवर, यंत्रे पसंत झाली, घासाघीस आटोपली, आता पैसे मोजावयाचे, अशा वेळी दुकानदार हलकेच एक प्रश्न टाकतो : ‘एवढी भारी सिस्टीम घेतलीत साहेब, आणि वायर साधी लावणार?’ या एका प्रश्नाने गिऱ्हाइकाच्या खिशातून जो पैसा बाहेर पडतो, त्याचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने करण्याजोगा आहे.

ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी तार विजेच्या दुकानात थोडक्या रुपयांना मीटरभर मिळते. त्याच कामाची, मखमली पेटीत गुंडाळलेली, जाड विणीचे आवरण ल्यालेली तार ध्वनियंत्रांच्या दुकानात हजारो रुपयांना मिळते आणि परदेशी बाजारात तर लाखांच्या घरात जाते. इतके मोठे अंतर फार थोड्या वस्तूंच्या किमतींत आढळेल. शिवाय या धंद्यात एक सूत्र कानोकानी रूढ झाले आहे : संपूर्ण यंत्रणेच्या किमतीचा दहावा हिस्सा तारांवर खर्च करावा. या सूत्राचा आधार काय, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. तारेची गरज तिच्या लांबीवर आणि तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर ठरते. जोडलेल्या पेटीच्या किमतीवर नव्हे. बैलजोडी लाखाची घेतली म्हणून तिला दहा हजारांचा कासरा कोणी बांधत नाही.

बैलजोडीचा दाखला उगाच दिलेला नाही. मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची, लोकांच्या तोंडी म्हसोबाची, यात्रा भरते आणि तिचा बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. अशा बाजारातील शेतकरी हा आपल्या शहरी ग्राहकापेक्षा पुष्कळ शहाणा गिऱ्हाईक असतो. तो प्रथम बैलाचा जबडा उघडून दात मोजतो. आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला आहे, यावरून वय ठरते आणि त्या हिशेबाला विकणाऱ्याचे वक्तृत्व उपयोगी पडत नाही. मग तो खूर पाहतो, खांदा चाचपतो, जनावर चालवून आणि शक्य तर जुंपून पाहतो. हे सर्व झाल्यावर मात्र तोच शेतकरी बैलाच्या अंगावरील गोम आणि भोवरे पाहू लागतो. अमुक जागची गोम धन्याला वाईट, तमुक जागचा भोवरा भाग्याचा! नांगराला गोमेशी काही कर्तव्य नसते. परंतु किमतीत तिच्यापायी फरक पडतो. प्रत्येक वस्तूला असे मोजता येणारे दात असतात आणि मानण्यावर अवलंबून असलेली गोम असते. तारेलाही दोन्ही आहेत. तारेच्या बाजारात गिऱ्हाइकाचे लक्ष दातांवरून काढून गोमेवर खिळविले जाते, आणि खरी गोम येथेच आहे.

प्रथम दात पाहू. स्पीकरच्या तारेपुरते विचारावयाचे प्रश्न तीनच : धातू कोणता, जाडी किती, लांबी किती. या तीन गोष्टींवरून तारेचा विद्युत्-रोध ठरतो आणि तो काढण्याचे गणित शालेय विज्ञानाच्या पुस्तकात ओहमच्या नियमासोबत दिलेले असते. विजेच्या दुकानात जिला ‘अडीचची वायर’ म्हणतात, त्या अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या लवचिक तारेचा रोध प्रमाणाप्रमाणे एका किलोमीटरला आठ ओहमच्या आत असतो. स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाण्याची आणि येण्याची मिळून दहा मीटर तार लागते. तिचा रोध ०.०८ ओहम. सर्वसाधारण स्पीकर आठ ओहमचा धरला जातो. म्हणजे तारेचा वाटा एक टक्का. त्यामुळे आवाजाच्या पातळीत पडणारा फरक एका डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. याउलट यंत्रासोबत फुकट मिळणारी, अर्ध्या चौरस मिलिमीटरची सुतळीसारखी तार त्याच अंतरावर वापरली तर रोध ०.३९ ओहमपर्यंत जातो. आठ ओहमच्या स्पीकरला हे प्रमाण पाच टक्के, चार ओहमच्या स्पीकरला जवळजवळ दहा टक्के. येथे मात्र उणीव जाणवू शकते. तारेचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, हा तंत्रज्ञांचा जुना आणि पुरेसा दंडक आहे. तेव्हा फुकटची तार टाकून द्यावी हे दुकानदाराचे म्हणणे खरे. त्यापुढचे, ‘म्हणून ही पेटीतली घ्या’, हे मात्र त्यातून निघत नाही. खोली लहान असेल तर दीडची, मोठी असेल तर अडीचची. फारच लांब पल्ला असेल तर चारची. दातांचा हिशेब येथे संपला.

या हिशेबावर असा आक्षेप घेतला जातो की, कान हा गणिताहून सूक्ष्म असतो. कबूल करू. परंतु मग विजेच्या वाटेवर तारेपुढे आणि तारेमागे काय आहे, तेही पाहावे लागेल. स्पीकरच्या आत, कागदी शंकूला चिकटलेले जे वेटोळे असते, ते केसासारख्या बारीक तारेचे असते आणि त्याचा स्वतःचा रोध पाच-सहा ओहम भरतो. सगळा प्रवाह त्यातून जावयाचाच आहे. बाहेरच्या तारेत आठ शतांश ओहमांचे चार शतांश करून त्या आतल्या सहा ओहमांचे काय बिघडते किंवा सुधरते? भिंतीतील प्लगपासून यंत्रापर्यंत जाणाऱ्या वीस-तीस हजारांच्या ‘पॉवर केबल’ची कथा तर याहून मौजेची. रोहित्रापासून खांबाखांबांवरून, उन्हापावसात लोंबकळत आलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेने वीज घरात आणून सोडलेली असते. तिला शेवटच्या दीड मीटरमध्ये राजवस्त्रे नेसविल्याने तिचा आधीचा प्रवास पुसला जात नाही.

आता गोम. पहिली गोम ‘ऑक्सिजनविरहित तांबे’ ही. असे तांबे असते आणि काही उद्योगांत ते आवश्यकही असते. परंतु विजेच्या चांगल्या तारेतील साधे तांबेही किमान ९९.९ टक्के शुद्ध असते आणि दोहोंच्या वहनक्षमतेतील फरक एखाद्या टक्क्याचा. तो भरून काढावयाचा तर तार टक्काभर जाड घेतली की झाले. दुसरी गोम अशी की, उच्च स्वरांचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. हे तत्त्व खरे आहे. परंतु मनुष्याच्या कानाच्या वरच्या टोकाला, म्हणजे २० हजार कंपनांनाही, तांब्यात ही खोली सुमारे अर्धा मिलिमीटर असते आणि अडीचच्या तारेची त्रिज्या मिलिमीटरभरही नसते. रेडिओ प्रक्षेपणाच्या तारेला जे लागू, ते येथे आणून ठेवले आहे, इतकेच. तिसरी गोम तारेवर छापलेल्या बाणाची : प्रवाह याच दिशेने न्यावा! स्पीकरकडे जाणारा प्रवाह सेकंदाला शेकडो, हजारो वेळा दिशा बदलतो. त्याला बाण दाखवून काय उपयोग? आणि चौथी, नवी तार ‘रुळण्यास’ शंभर-दोनशे तास लागतात ही. या शेवटच्या समजुतीची व्यापारी सोय मात्र वाखाणण्यासारखी आहे. तार रुळेपर्यंत परत करण्याची मुदत संपते आणि तोवर तारेऐवजी कान रुळलेला असतो.

शेतकरी ज्याला जुंपून पाहणे म्हणतो, त्याचे ध्वनिक्षेत्रातील रूप म्हणजे झाकून घेतलेली परीक्षा. कोणती तार जोडली आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक नसावे, आवाजाची पातळी दोन्ही वेळी काटेकोर सारखी असावी, आणि फरक पुनःपुन्हा ओळखता यावा. अमेरिकेतील जादूगार आणि भोंदूगिरीचे शत्रू जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये, बारा फूट लांबीच्या ज्या तारजोडीची किंमत ७,२५० डॉलर होती, ती आणि तुलनेने स्वस्त तार यांतील फरक अशा रीतीने ओळखून दाखविणाऱ्यास दहा लक्ष डॉलर देऊ केले. एका नामांकित समीक्षकाने विडा उचलला. पण अटींविषयी आणि तार पुरविण्याविषयी वादावादी होऊन ती परीक्षा झालीच नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या आव्हानांची हकीकत ज्यांना परिचित आहे, त्यांना या शेवटाचे आश्चर्य वाटू नये. घरी ही परीक्षा करण्यास खर्च काहीच नाही. घरातील कोणास तरी पाठीमागून तारा बदलावयास सांगावे, वीस वेळा आपला कौल कागदावर लिहावा आणि मग ताडून पाहावे. दहाच्या आसपास बरोबर आले, तर नाणे उडवूनही तेवढेच येतात.

यावर कोणी म्हणेल की, श्रीमंताने आपल्या पैशाने महागडी तार घेतली तर अर्थशास्त्राच्या मास्तराला पोटदुखी का व्हावी? श्रीमंताची चिंता येथे नाहीच. थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्येच दाखवून दिले की, काही वस्तू महाग असूनही नव्हे, तर महाग असल्यामुळेच खपतात. ज्याला तार दाखवावयाची आहे, त्याने ती दाखवावी. चिंता आहे ती ऐकण्यासाठी तार घेणाऱ्याची. अर्थशास्त्रात वस्तूंचे एक वर्गीकरण आहे. काहींचा गुण घेण्यापूर्वी पारखता येतो, उदाहरणार्थ कापड. काहींचा वापरल्यावर कळतो, जसा आंबा. आणि काहींचा वापरल्यावरही कळत नाही, विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. या तिसऱ्या वर्गास डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ मध्ये ‘विश्वासाच्या वस्तू’ असे नाव दिले. तार ही वास्तविक पहिल्या वर्गातील वस्तू आहे; मोजपट्टी आणि काटा यांनी ती पारखता येते. व्यापाराने तिला तिसऱ्या वर्गात नेऊन बसविले. यात दुकानदाराचा हिशेबही सरळ आहे. अमुक कंपनीच्या अमुक ॲम्प्लिफायरचा भाव चार दुकानांत आणि मोबाइलवर ताबडतोब ताडता येतो, म्हणून त्यावरील नफा पातळ होतो. पेटीतल्या तारेची तुलना कशाशीच करता येत नाही. तेव्हा यंत्रावर सोडलेली सूट तारेवर वसूल होते.

प्रस्तुत लेखकाचा एक माजी विद्यार्थी मुरबाड तालुक्यातील शाळेत शिक्षक आहे. लाख रुपये साठवून तो संगीतयंत्रणा घेण्यास शहरात गेला. तारांवर सतरा-अठरा हजार रुपये खर्च करावयाचे ठरल्यामुळे आकडा जमेना, म्हणून मनात भरलेला मोठा स्पीकर सोडून त्याने लहान घेतला. नुकसान अठरा हजारांचे नव्हे, हे लक्षात घ्यावे. स्पीकरास्पीकरांतील फरक डोळे मिटूनही कळतो. तबल्याचा बायाँ घुमतो की नुसता थपथपतो हे तेथेच ठरते. जो खर्च ऐकू आला असता तो कापून, जो ऐकू येणार नव्हता तो केला गेला. आमच्या शास्त्रात यालाच संधित्यागाचा खर्च म्हणतात. तेच पैसे खोलीवर, एक जाड सतरंजी, समोरच्या उघड्या भिंतीला पुस्तकांची मांडणी, खिडकीला भारी पडदा यांवर लावले, तरी पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घुमणाऱ्या घरात गाण्याचा रंग पालटतो.

स्वस्त तार घ्यावी असा सल्ला देताना बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडेही पाहिले पाहिजे, कारण तेथील फसवणूक अधिक खरी आहे. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा देऊन ती ‘कॉपर’ म्हणून विकली जाते. धंद्यात तिला ‘सीसीए’ म्हणतात. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि वाकवून-पिळून ती लवकर तुटते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहून जे दाखविले, आणि ज्याकरिता त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, ते येथे तंतोतंत लागू पडते. चांगला आणि वाईट माल गिऱ्हाइकास वेगळा ओळखता आला नाही, तर तो दोहोंना मधलीच किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगला माल परवडत नाही आणि बाजारातून उठतो. पुढचे पाऊल असे की, या फसवणुकीला भ्यालेला ग्राहक ‘महाग तेच खात्रीचे’ म्हणून वरच्या टोकाकडे पळतो. खालची लबाडी वरच्या थोतांडाला अशी गिऱ्हाइके पुरवीत असते.

सुदैवाने येथेही दात मोजता येतात. तारेचे टोक पात्याने खरवडावे. आतून चंदेरी निघाले तर माल परत करावा. त्याहून सोपा उपाय तागडीचा. तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते. अडीचच्या तारेच्या ९० मीटरच्या गुंडाळीत, आवरण सोडून, नुसते तांबेच सुमारे दोन किलो असावयास हवे. मुलाम्याच्या तारेत धातू किलोभरही भरत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गुंडाळी हातात घेऊन तोलून पाहणारे गिऱ्हाईक दिसले की विक्रेत्याचे बोलणे आपोआप आखूड होते. आणि आयएसआय चिन्हाची, आयएस ६९४ या मानकाची घरगुती वायरिंगची तार घेतली तर तिच्या रोधाची मर्यादा मानकानेच बांधून दिलेली असते. भिंतीतून गिझरचा भार वाहणारी ही तार मालकंस वाहण्यास लाजत नाही.

तारेमुळे खरोखर बिघडते ते वेगळेच, आणि त्याविषयी दुकानात कोणी बोलत नाही. यंत्रायंत्रांमधील बारीक संकेताच्या तारेला जाळीचे चांगले कवच हवे आणि ती विजेच्या तारेला खेटून नेऊ नये. नाहीतर पन्नास कंपनांची घरघर तानपुऱ्यात मिसळते. घराचे अर्थिंग नीट नसेल तर ती घरघर कोणत्याही किमतीच्या तारेने जात नाही, त्याला वायरमनच लागतो. एचडीएमआयसारख्या तारेतून आकडे जातात. ते पोचतात किंवा पोचत नाहीत, न पोचल्यास चित्र आणि आवाज तुटतो, पण ‘गोड’ होऊन पोचण्याची सोय त्यांना नाही. आणि आमच्या भागातील चार महिन्यांच्या पावसाळ्यात उघड्या तांब्यावर हिरवट गंज चढतो. दसऱ्याच्या सुमारास टोके अर्धा इंच कापून पुन्हा सोलावीत, स्क्रू घट्ट करावेत. वर्षभरात तारेसाठी करण्याजोगे एवढेच काम असते.

शासनाने यात लक्ष घालावे का? थोडेसे घालावे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा कायदा २०२० पासून अंमलात आला आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करण्यास केंद्रीय प्राधिकरणही स्थापन झाले. परंतु ‘आवाज उबदार होतो’ हे विधान खोटे ठरविण्यास कोणते न्यायालय बसणार? त्यापेक्षा २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत जसे वजन, लांबी आणि कमाल किंमत छापावी लागते, तशीच ध्वनियंत्रणेच्या तारेच्या वेष्टनावर धातू, जाडी आणि दर मीटरचा रोध या तीन गोष्टींची सक्ती करावी. बाकी काव्य त्याखाली कितीही छापावे. ज्या दिवशी अठरा हजारांच्या पेटीवर आणि विजेच्या दुकानातील गुंडाळीवर रोधाचा एकच आकडा शेजारी शेजारी दिसेल, त्या दिवशी ग्राहकाला या लेखाची गरज उरणार नाही.

तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून वाणसामान एकत्र आणण्याची रीत मध्यमवर्गाला घालून दिली. तीच येथे चालेल. दोन स्पीकर प्रत्येकी पाच मीटरवर धरले, तर जाण्यायेण्याची मिळून एका घरास वीस मीटर तार लागते. शिक्षकांच्या खोलीतील चौघांनी मिळून अडीचची एक ९० मीटरची गुंडाळी आणावी, आणताना वजन करून घ्यावी, प्रत्येकी वीस मीटर कापून घ्यावी आणि दोन-दोन पदर एकमेकांना पीळ देऊन जोडावेत. दहा मीटर उरते. ती ज्याची खोली लांब असेल त्याला द्यावी.